घडीचा कॅमेरा: वंगण, भाता, इन्फिनिटी आणि पहिला रोल

सत्तर वर्षांचा घडीचा कॅमेरा हातात आला की बहुतेक जण आधी काच बघतात. काच सहसा ठीक असते. आटलेलं असतं ते वंगण, भोकं पडलेली असतात ती भात्याला (भिंग आणि फिल्म यांच्यामधल्या घड्यांच्या काळ्या आवरणाला), आणि सरकलेली असते ती इन्फिनिटीची, म्हणजे अगदी दूरच्या फोकसची, खूण. या तीन गोष्टी जागेवर आल्या की १९५० च्या दशकातला साधा, तीन काचांच्या भिंगाचा कॅमेराही आज उत्तम निगेटिव्ह देतो. ६×६ सेंटिमीटरची चौकट प्रत्यक्षात साधारण ५६×५६ मिमी भरते. ३५ मिमीच्या चौकटीच्या साडेतीन पटींहून हे क्षेत्रफळ जास्त आहे, आणि एवढा कॅमेरा मिटवून कोटाच्या खिशात जातो.

इथे विचार केला आहे तो १२० नावाच्या रुंद फिल्मच्या रोलवर १२ चौकोनी फोटो काढणाऱ्या जर्मन कॅमेऱ्यांचा: अग्फा इझोलेट, झाइस इकॉनचे नेटार आणि इकोंटा, फोइग्टलेंडर पेर्केओ. आपल्याकडे अनेक घरांत सापडणारा अग्फा क्लिक-थ्री यांत धरू नका. फिल्म तीच, चौकट तीच, पण तो घडीचा नाही, त्याला भाताही नाही.

पहिलाच कॅमेरा घेत असाल तर नेटार घ्या. झाइसचे भाते सहसा टिकलेले असतात. इझोलेटचे भाते कोपऱ्यांवर हमखास झिजतात आणि त्याच्या फोकसच्या आट्यांमधलं वंगण दगडासारखं घट्ट होतं. तरीही इझोलेट वाईट नाही. सोलिनार ७५ मिमी एफ ३.५ (एफचा आकडा लहान तितकं भिंगाचं तोंड मोठं उघडतं) हे चार काचांचं भिंग असलेला इझोलेट स्वस्तात मिळाला तर सोडू नका, फक्त दुरुस्तीची तयारी ठेवूनच घ्या. अग्नार आणि अपोटार ही दोन्ही ८५ मिमी एफ ४.५ ची तीन काचांची भिंगं आहेत. एफ ११ ला त्यांच्यात आणि सोलिनारमध्ये फारसा फरक उरत नाही.

विकत घेताना

मुंबईचा चोर बाजार असो की पुण्याचा जुना बाजार, दुकानात पाच मिनिटांत एवढं बघून होतं.

कॅमेरा उघडा. पुढची पाटी खटकन जागेवर बसली पाहिजे. बसल्यावर भिंग बोटाने हळू हलवून बघा. किंचित लवचीकपणा चालेल, डुगडुग चालणार नाही. मागचं झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च भिंगातून आरपार मारा. धूळ सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या कॅमेऱ्यात ती असणारच असं धरून चाला. ती काचेच्या पृष्ठभागावर असेल तर निघते. काचेवरचा पातळ लेप (कोटिंग) खाल्ला असेल तर डाग राहतो, पण बारीक डागाने फोटो बिघडत नाही.

फोकसची कडी फिरवून बघा, जोर मात्र लावू नका. शटर कॉक करून, म्हणजे त्याची स्प्रिंग ताणून, सर्वांत मंद वेगावर सोडा. अडकलं तर घाबरू नका, ते बहुतेक वेळा साफसफाईने सुटतं. यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत दुहेरी एक्स्पोजर टाळणारी अडणी असते, त्यामुळे फिल्म पुढे सरकवल्याशिवाय वरचं बटण दबत नाही. या एका कारणाने कितीतरी चांगले कॅमेरे ‘बंद’ म्हणून विकले जातात. शटरवरची छोटी दांडी बोटाने ढकलून बघा, शटर चालू असेल तर लगेच कळेल.

शेवटी आत रिकामी रीळ आहे का ते बघा. नसेल तर फिल्म गुंडाळायला दुसरी शोधावी लागेल. कोडॅकचे बरेच जुने घडीचे कॅमेरे ६२० रिळीचे आहेत. फिल्मची रुंदी १२० चीच, पण रीळ बारीक. ही फिल्म १९९५ नंतर बनत नाही, म्हणून दर वेळी अंधारात १२० ची फिल्म ६२० च्या रिळीवर गुंडाळून घ्यावी लागते. सुरुवातीला हा व्याप नको.

हाताशी काय हवं

घड्याळजीचे १.०, १.२ आणि १.५ मिमी पात्याचे स्क्रू-ड्रायव्हर. टोकदार चिमटा. मागच्या कड्या सोडवायला दोन टोकांचा स्पॅनर. लायटरमध्ये भरतात ते फ्लुइड. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. कापसाच्या काड्या, टूथपिक, हवा मारायचा रबरी फुगा. भिंगाच्या आट्यांसाठीच्या हेलिकॉइड ग्रीसची छोटी डबी. व्हर्निअर कॅलिपर. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या. स्क्रू ठेवायला बर्फाच्या ट्रेसारखा खणांचा ट्रे, आणि खाली पांढरा टॉवेल, म्हणजे पडलेला स्क्रू उड्या मारत जमिनीवर जात नाही.

लायटर फ्लुइड झटकन पेटतं आणि त्याची वाफ जमिनीलगत पसरते. खिडक्या उघड्या ठेवा. गॅसची शेगडी, देव्हाऱ्यातलं निरांजन, उदबत्ती, काहीही पेटतं त्या खोलीत नको.

फोकसची कडी सोडवणं

या कॅमेऱ्यांत सगळं भिंग पुढे-मागे होत नाही. फक्त पुढची काच तिच्या पितळी कोंदणासह आट्यांवर फिरते आणि तेवढ्यानेच फोकस बदलतो. त्या आट्यांमधलं वंगण वाळलं की कडी अडते. त्यातून एक फसवा बिघाड निघतो: कडी जोर लावून फिरते खरी, पण पुढची काच तिच्या आट्यांत फिरत नाही, मधल्या काचेचं कोंदणच शटरमधून उलगडत येतं. वरून सगळं सुरळीत वाटतं आणि फोटो मात्र धूसर येतात. म्हणून घट्ट कडी कधीही जबरदस्तीने फिरवू नये.

कडी इन्फिनिटीवर असताना मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवा. कडीच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात. ते पूर्ण काढायचे नाहीत, दीड-दोन फेरे सैल करायचे. मग अंतराचे आकडे असलेली कडी सरळ वर उचलली जाते. आता कोंदण उघडं पडेल. सगळं मोकळं असेल तर ते डावीकडे फिरवत बाहेर काढा आणि फेरे मोजा. आटे सुटतात त्या जागी कोंदणावर आणि शटरवर पेन्सिलने समोरासमोर खूण करा. परत बसवताना या आट्यांना एकाहून जास्त सुरुवाती असू शकतात. चुकीची धरली तरी अनर्थ होत नाही, कारण इन्फिनिटी शेवटी नव्याने लावायचीच आहे. पण खूण असली की काम निम्म्या वेळात होतं.

इझोलेटमध्ये बहुधा दोन काचांची कोंदणं एकमेकांना चिकटूनच बाहेर येतात. त्यांच्या मधे हिरवट, राळेसारखा थर दिसेल. टूथपिकने ओरखडला तर त्याची भुकटी होत नाही, मेणासारखी कात निघते. ही जोडी स्टीलच्या वाटीत ठेवा, बुडेल एवढं लायटर फ्लुइड घाला, वर झाकण, आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पुसून हेअर-ड्रायरने चार-पाच मिनिटं गरम करा. फ्लुइड पूर्ण उडून गेल्यावरच ड्रायर लावायचा, ओल्यावर कधीही नाही. मग दोन्ही भागांना ट्यूबची एकेक पट्टी गुंडाळून हाताने पिळा. नाही सुटलं तर पुन्हा रात्रभर भिजवा. तीन-चार रात्री लागल्या तरी लागू द्या. पकड लावायचा मोह आवरा: पितळ मऊ असतं, कोंदण केसभर जरी लंबगोल झालं तरी ते आट्यांत पुन्हा कधीच नीट फिरत नाही.

अ‍ॅसिटोन जास्त जोरदार आहे, पण ते काचेच्या कडेचा काळा रंग आणि कोरलेल्या अक्षरांतला रंग दोन्ही उतरवतं. सोलिनारसारख्या भिंगात मागचा गट दोन काचा एकमेकींना चिकटवून केलेला असतो. तो गट भिजवायचाही नाही, तापवायचाही नाही.

वेगळे झालेले आटे टूथपिक आणि फ्लुइडने पार पितळी दिसेपर्यंत स्वच्छ करा. कोरडे असताना कोंदण आपोआप, सरसर फिरलं पाहिजे. मग हेलिकॉइड ग्रीस अगदी थोडं लावा, टूथपिकच्या टोकावर मावेल इतकंच, आट्यांच्या एका फेऱ्यावर. गाडीचं ग्रीस नको. उन्हाळ्यात त्यातलं तेल सुटतं आणि हळूहळू शटरच्या पात्यांवर उतरतं.

मधली काच शटरमध्ये परत बसवताना शेवटपर्यंत घट्ट आवळा. ती अर्धा फेरा सैल राहिली तर पुढे इन्फिनिटी कितीही नीट लावा, कडा मऊच येणार.

काचा सुट्या आहेत तोवर साफ करून घ्या. प्रत्येक काचेची कुठली बाजू पुढे होती ते लिहून ठेवा, कारण दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात. आधी फुग्याने धूळ उडवा, मग अल्कोहोलने भिजवलेल्या काडीने मधून कडेकडे गोल पुसा. बुरशीसाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समान भाग घेऊन काचेवर मिनिटभर ठेवा, पुसा, मग डिस्टिल्ड पाण्याने पुसा. हे मिश्रण ताजं करायचं, बाटलीत बंद करून ठेवायचं नाही.

शटर: धुवा, तेल घालू नका

मंद वेगावर शटर अडखळतं किंवा पाती अर्ध्यात थांबतात, याचं कारण जुनं वंगण पात्यांपर्यंत पसरलेलं असतं. पाती कागदासारखी पातळ असतात आणि त्यांना ओढणारी स्प्रिंग नाजूक. तेलाचा अदृश्य थरही त्यांना एकमेकींना चिकटवून ठेवतो. म्हणून शटरमध्ये शिवणयंत्राचं तेल सोडणं म्हणजे बिघाड पक्का करणं. दोन दिवस शटर छान चालतं आणि मग कायमचं रुसतं.

पुढची आणि मधली काच निघालेलीच आहे. मागची काचही मागच्या बाजूने, रबरी हातमोज्याच्या बोटांनी फिरवून काढा. आता शटरच्या दोन्ही बाजू उघड्या आहेत. कापसाची काडी फ्लुइडमध्ये बुडवा, वाटीच्या काठावर निथळा आणि बंद पात्यांवरून हलकेच फिरवा. शटर दहा वेळा सोडा. पुन्हा पुसा. काडीवर पिवळसर डाग येणं थांबेपर्यंत हे चालू द्या, साधारण पाच-सहा फेऱ्या. अ‍ॅपर्चरची, म्हणजे भिंगाचं तोंड लहानमोठं करणारी, पातीही अशीच. कोरड्या पात्यांवर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काम अजून बाकी आहे.

नेटारच्या साध्या व्हारिओ शटरला (१/२५, १/७५, १/२०० आणि बी, म्हणजे बटण दाबून धराल तेवढा वेळ उघडं) एवढं पुरतं, कारण त्यात मंद वेगांची दातेरी चाकं नाहीतच. प्रोंटोर-एस, प्रोंटोर-एसव्हीएस किंवा कॉम्पुरमध्ये १ सेकंदापर्यंतचे वेग असतात, आणि त्यांची चाकं वरच्या झाकणाखाली बसतात. झाकणाच्या कडीला एक छोटा अडणीचा स्क्रू असतो. तो बाजूला केला की कडी थोडी फिरवून उचलता येते, आणि तिच्याखाली वेगांचा खाचा असलेला पत्रा. इथपर्यंत उघडा, प्रत्येक पायरीचा फोटो काढा, आणि इथेच थांबा. चाकांचा संच सोडवायचा नाही. बारीक ब्रशने चाकांवर फ्लुइडचे दोन-तीन थेंब सोडा, मंद वेगावर चाळीस-पन्नास वेळा शटर चालवा, वाळू द्या, पुन्हा एकदा करा. या धुण्यात सुटलेली घाण पात्यांवर उतरते, म्हणून शेवटी पाती परत पुसायचीच. चाकांच्या अक्षांना घड्याळाचं तेल द्यायचंच असेल तर सुईच्या टोकाने, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं.

वेग तपासायला मोबाइलचा स्लो-मोशन पुरतो. २४० फ्रेमच्या व्हिडिओत १ सेकंद म्हणजे २४० फ्रेम, १/१० म्हणजे २४, १/२५ म्हणजे साधारण १० फ्रेम पाती उघडी दिसली पाहिजेत. शटरच्या मागे दिवा ठेवून रेकॉर्ड करा आणि फ्रेम मोजा. १/१०० च्या पुढे ही मोजणी भरवशाची राहत नाही. सर्वांत वरचा वेग जुन्या शटरांत बहुधा आकड्यापेक्षा मंदच असतो, निगेटिव्ह फिल्मला त्याचा त्रास होत नाही. मोजलेले वेग चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या केसमध्ये ठेवा. शटर आकड्याबरहुकूम नसलं तरी चालेल, दर वेळी सारखं चाललं पाहिजे.

भाता

बेलोज म्हणजे हार्मोनियमला असतो तसा भाता, फक्त याने हवा नाही, उजेड अडवायचा. रात्री खोली पूर्ण अंधारी करा, डोळे पाच मिनिटं सरावू द्या, मागचं झाकण उघडून छोटा एलईडी टॉर्च भात्यात धरा आणि प्रत्येक घडीचा कोपरा बाहेरून वेगवेगळ्या कोनांतून बघा. भोक ताऱ्यासारखं चमकतं. पुढच्या बाजूचे चार कोपरे आधी बघा, झीज तिथून सुरू होते. भाता थोडा मिटवून, पुन्हा ताणूनही बघा, काही भोकं घडीतच उघडतात.

चार-पाच बारीक भोकं असतील तर कापडावर वापरतात तो लवचीक काळा रंग टूथपिकने भोकाच्या जागी लावा. तो नसेल तर दोन भाग काळा अ‍ॅक्रिलिक रंग आणि एक भाग फेव्हिकॉल एकत्र करून चालतं. थर पातळ हवा. जाड थरामुळे घडी फुगते, कॅमेरा मिटताना ताण येतो आणि शेजारीच नवीन चीर पडते. कॅमेरा उघडा ठेवून २४ तास वाळवा, पावसाळ्यात ४८. नंतर कोपऱ्यांना टाल्कम पावडरचं बोट लावा, नाहीतर मिटवलेल्या घड्या एकमेकींना चिकटतात आणि उघडताना रंग सोलून निघतो. पावडर भिंगापासून लांब ठेवा. ही डागडुजी काही महिने ते काही वर्षं टिकते. प्रत्येक कोपऱ्याला चाळणी झाली असेल तर रंगाच्या नादी लागू नका, भाता बदलून घ्या.

बाहेरच्या कातड्याला बुटाचं रंगहीन क्रीम, अगदी थोडं. सुटलेल्या कडा फेव्हिबॉन्डने बसतात.

आधी समांतर, मग इन्फिनिटी

सगळ्यांत जास्त फोटो इथे बिघडतात आणि दोष भिंगाला दिला जातो. भिंग फिल्मला समांतर नसेल तर चौकटीची एक बाजू धारदार आणि दुसरी मऊ येते. कॅमेरा उघडून कॅलिपरने भिंगाच्या कडीपासून कॅमेऱ्याच्या पुढच्या चौकटीपर्यंतचं अंतर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजा. फरक ०.२ मिमीच्या आत असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर आधी आधाराच्या पट्ट्यांचे सांधे सैल झालेत का ते बघा, एखादी पट्टी वाकली असेल तर ती बोटांच्या दाबाने हळूहळू सरळ करा.

इन्फिनिटी लावायला फिल्मच्या जागी घासलेली काच हवी. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने एका बाजूने एकसारखा घासा. मागच्या चौकटीला रुळांच्या दोन जोड्या असतात. फिल्म टेकते ती आतल्या रुळांवर, बाहेरच्या रुळांवर दाबपट्टी (फिल्म सपाट ठेवणारी झाकणातली पट्टी) टेकते. तुकडा आतल्या रुळांवरच बसला पाहिजे, म्हणून त्याची रुंदी ६१ मिमीच्या पुढे नको, आणि घासलेली बाजू भिंगाकडे. बाहेरच्या रुळांवर ठेवून लावलेली इन्फिनिटी दर वेळी चुकते. तो मिलिमीटरहून कमी फरक फोटोत ढळढळीत दिसतो.

कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवा. काही जुन्या युरोपीय कॅमेऱ्यांची तळाची आटी ३/८ इंची असते, त्याला १/४ चा अ‍ॅडाप्टर मिळतो. शटर बी वर, लॉक होणाऱ्या केबलने उघडं ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. किमान अर्धा किलोमीटर दूरचं लक्ष्य निवडा: मोबाइलचा टॉवर, टेकडीवरचं देऊळ. रात्री दूरचा एकटा दिवा सर्वांत सोपा, ठिपका सर्वांत लहान होईल तो फोकस. काचेवर ८-१० पटींचं मॅग्निफायर ठेवून पुढचं कोंदण अगदी सावकाश फिरवा. तीक्ष्ण बिंदूच्या पुढे जा, मागे या, पुन्हा पुढे जा, आणि मधे थांबा. हे तीनदा करा. तिन्ही वेळा खूण एकाच जागी आली तर खरी.

आता कोंदण अजिबात न हलवता अंतराची कडी तिच्यावर इन्फिनिटीच्या अडणीला टेकवून ठेवा आणि तिन्ही स्क्रू थोडेथोडे, आळीपाळीने आवळा. एकच आधी घट्ट केला तर कडी तिरकी बसते. मग टेपने फिल्मपासून बरोबर २ मीटर मोजून वर्तमानपत्र टांगा, कडी २ मीटरवर आणा आणि काचेवर मथळा वाचता येतो का ते बघा. तिथेही जुळलं तर फोकसचं काम संपलं.

फिल्म भरणं

सावलीत भरा. रिकामी रीळ गुंडाळायच्या बाजूला, नवीन रोल समोरच्या बाजूला. कागदाचं टोक खाचेत मधोमध घालून दोन फेरे द्या, कागद तिरका जात नाही ना ते बघा, आणि झाकण बंद होईपर्यंत नव्या रोलवर अंगठा ठेवून ताण राखा. सैल गुंडाळलेल्या रोलच्या कडांतून काढताना उजेड शिरतो.

मागची लाल खिडकी ज्या काळची आहे त्या काळातल्या बऱ्याच फिल्मना लाल उजेड दिसतच नसे. आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल उजेडही टिपते, म्हणून खिडकीचं झाकण फक्त सरकवताना उघडायचं, तेही अंगाच्या सावलीत. झाकण नसेल तर काळी चिकटपट्टी लावा. फिरवताना आधी खुणेचे ठिपके येतात, मग आकडा. काही फिल्मच्या कागदावर आकडे फिके छापलेले असतात, घाईत एक निसटला की ती चौकट गेली.

एक सवय सुरुवातीपासून लावून घ्या: आधी कॅमेरा उघडा, मग फिल्म पुढे न्या. पाटी झटक्यात उघडली की भात्यात पोकळी होते आणि फिल्म दाबपट्टीपासून सुटून पुढे ओढली जाते. चौकटीचा मधला भाग त्यामुळे मऊ येतो. पाटी हाताने धरून सावकाश उघडा आणि त्यानंतर रीळ फिरवा, फिल्म पुन्हा ताणली जाते. म्हणजे फोटो काढल्यावर लगेच फिल्म सरकवायची नाही, पुढच्या फोटोआधी सरकवायची. विसरभोळ्यांनी चिठ्ठीवर नोंद ठेवावी.

उजेड आणि अंतर

मीटर नसला तरी चालतं. १०० आयएसओ फिल्म (हा आकडा मोठा तितकी फिल्म कमी उजेडात चालते), शटर १/१००: कडक उन्हात एफ १६, धुरकट उन्हात एफ ११, उजळ ढगाळ हवेत एफ ८, भरून आलेल्या आभाळाखाली एफ ५.६, उघड्या सावलीत एफ ४ किंवा असेल तेवढं मोठं. शंका आली तर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड द्या. कृष्णधवल निगेटिव्ह जास्त उजेड सोसते, कमी सोसत नाही.

एप्रिल-मेच्या दुपारी ४०० ची फिल्म या कॅमेऱ्यांत अडचणीची ठरते. वरचा वेग १/२०० असेल तर कडक उन्हात एफ २२ लागतं, त्यापुढे जागाच नाही. उन्हाळ्यात फोमापॅन १०० किंवा एफपी४ प्लस अशी मंद फिल्म, पावसाळ्यात ४०० ची एचपी५ प्लस अशी वाटणी सोयीची.

अंतर अंदाजाने लावायचं असतं. ७५ मिमी भिंग एफ ११ वर आणि १० मीटरवर ठेवलं की साधारण ५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. नेटारवर लाल खुणा दिसतात त्या अशाच झटपट फोटोंसाठी. जवळच्या माणसासाठी मात्र मोजा. २ मीटरवर एफ ५.६ ला जेमतेम ४० सेंटिमीटर खोली मिळते, एफ ११ ला ८०. दोन्ही हात पसरले की ते अंतर जवळपास आपल्या उंचीइतकं असतं, आणि क्रिकेटची खेळपट्टी २० मीटर. फुटांत आकडे असतील तर ३.३ फूट म्हणजे १ मीटर.

कॉम्पुर-रॅपिडवर सर्वांत वरचा वेग कॉक करण्याआधी लावा, त्यासाठी वेगळी स्प्रिंग ताणली जाते. एसव्हीएस शटरची बाजूची दांडी व्ही वर नेऊ नका. तो सेल्फ-टायमर असतो, जुन्या शटरांत तो अडकतो आणि सगळं शटरच बंद पाडतो. दांडी एक्स वर ठेवा, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशही तिथेच चालतो.

पहिला रोल हा तपासणीचा

बारा चौकटी अशा खर्च करा. दोन दूरच्या दृश्यावर, एक पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर आणि एक एफ ११ वर. दोन, मोजलेल्या २ मीटरवरच्या वर्तमानपत्रावर, तशाच. एक विटांच्या भिंतीवर सरळ समोरून, चारही कोपरे तपासायला. एकीच्या आधी कॅमेरा उन्हात पाच मिनिटं उघडा ठेवा आणि सगळ्या बाजूंना ऊन लागेल असा फिरवा. दोन तिरप्या प्रकाशात, चकाकी बघायला. बाकीच्या चार मनासारख्या. प्रत्येकीचा आकडा, वेग, अ‍ॅपर्चर वहीत.

धुतलेली निगेटिव्ह खिडकीशी धरून वाचा. काळा डाग फक्त चौकटीच्या आत असेल आणि कडेची पट्टी स्वच्छ असेल तर उजेड भात्यातून आला. उन्हात ठेवलेल्या चौकटीवर तोच डाग गडद असेल तर भोक नक्की. डाग चौकटीबाहेर, फिल्मच्या कडेपर्यंत पसरला असेल तर मागच्या झाकणातून किंवा सैल गुंडाळलेल्या रोलमधून. गोल डाग किंवा त्यात कागदावरचे आकडे उमटलेले दिसले तर लाल खिडकी. भिंतीचा एकच कोपरा मऊ असेल तर समांतरता पुन्हा मोजा. मधला भाग मऊ आणि कडा धारदार असतील तर फिल्म सपाट नव्हती. दूरचं सगळं मऊ, पण पुढे चुकून आलेलं झुडूप मात्र लख्ख, तर इन्फिनिटी अजून जवळ लागली आहे, कोंदण जरा आत न्या.

रोल संपल्यावर शटर मोकळं सोडून, फोकस इन्फिनिटीवर आणून कॅमेरा मिटवा. जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा. पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून उघडा आणि प्रत्येक वेगावर चार-पाच वेळा शटर चालवा. चामड्याच्या मूळ केसमध्ये मात्र ठेवू नका. ते कातडं ओल धरतं आणि बुरशी काचेवर पहिल्यांदा तिथूनच येते.